कल्याण बंदरात बाहेरचे कोण?

माझी भाची आठवीत आहे. आपा दूधनाक्याला राहते, मुलगी कल्याणमधल्याच एका मराठी शाळेत जाते. गेल्या महिन्यात शाळेने प्रकल्प दिला : ‘आपल्या शहरातील व परिसरातील प्रेक्षणीय स्थळे’. फोटो चिकटवायचे, खाली आठ-दहा ओळी लिहायच्या, इतकेच. गटात कामे वाटताना हिने दुर्गाडी किल्ला मागितला. तेव्हा एक मुलगा हसत म्हणाला, “तू हाजीमलंग घे ना, किल्ला आमचा आहे. तुम्ही तर बाहेरून आलेले.”

त्यात फारसा दुष्टावा नसावा. घरात, मोबाइलवर जे ऐकले ते मूल बोलून जाते. पण आपाचा मला फोन आला. नंतर भाचीने फोन घेतला आणि सरळ विचारले, “मामू, आपण बाहेरून आलो का?”

होय किंवा नाही, यापैकी कोणतेही उत्तर देणे सोपे होते. पण कल्याणसारख्या गावात राहून या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे बरे नव्हे. मी म्हटले, “रविवारी डोंबिवलीहून येतो. तुझी स्थळे पायी बघू, मग तूच ठरव.” दोन रविवार आम्ही फिरलो. जे पाहिले आणि तिला जे सांगितले, तेच इथे लिहितो आहे.

खाडीकडे पाठ फिरवलेले गाव

कल्याण म्हटले की आपल्याला जंक्शन आठवते. जलद लोकल, फलाटांवरची गर्दी, कर्जत की कसारा हा गोंधळ. गावाला खाडी आहे हे भिवंडीकडे जाताना दुर्गाडीच्या पुलावरच काय ते लक्षात येते. म्हणून मी आधी भाचीला पुलावर नेले. खाली उल्हास नदी आणि तिच्यात चढणारे भरतीचे पाणी. हेच पाणी पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, आणि एक फाटा ठाण्याच्या खाडीला जोडतो. समुद्रावरून आलेले गलबत भरतीबरोबर इतक्या आत यायचे. वादळापासून सुरक्षित, आणि इथून पुढे घाटाची वाट जवळ. नाणेघाट चढला की जुन्नर, आणि पुढे पैठण. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा आणि इथे जहाजात चढायचा. कल्याण बंदर का झाले, त्याचे कारण एवढेच आहे.

हे बंदर किती जुने? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात कल्याण आहे. आधीच्या सातवाहन राजाच्या काळात हे कायदेशीर बंदर होते, पण पुढे सत्ता बदलली आणि इथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. म्हणजे बंदरावरची भांडणे तेव्हाही होती! कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत कल्याणचे व्यापारी आणि कारागीर आहेत. बोरिवलीच्या उद्यानात सहलीला गेलात तर त्या ओळींपुढे जरा थांबा. आपल्या गावच्या माणसांच्या त्या सर्वांत जुन्या सह्या आहेत.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ख्रिस्ती लेखक कल्याणचा उल्लेख करतो. इथून पितळ, लाकूड, कापड निर्यात होते आणि इथे इराणहून नेमून आलेला बिशप आहे, असे त्याने नोंदवले आहे. मी भाचीला म्हटले, “हे बघ, पैगंबरसाहेबांच्या आधी, म्हणजे मुसलमान नावाची जमात जगात नव्हती तेव्हाही कल्याणात बाहेरची माणसे होती. बौद्ध दाते, ग्रीक खलाशी, इराणी बिशप. बंदरात बाहेरचा माणूस दिसला नाही, तर ते बंदर बंद पडले असे समजायचे.”

दुर्गाडी

पुलाला लागूनच दुर्गाडीची टेकडी. किल्ला म्हणून आता फार काही उरलेले नाही, पण वर गेले की खाडीचे वळण दिसते आणि इथे किल्ला का हवा होता ते कळते.

२४ ऑक्टोबर १६५७ रोजी शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. त्याआधी हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत, मुल्ला अहमद नावाच्या सरदाराकडे होता. कल्याण हाती आले आणि महाराजांना प्रथमच खाडीतून समुद्राकडे जाणारी वाट मिळाली. मराठी आरमाराची सुरुवात इथली. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या खाडीत लढाऊ गलबते बांधली जात होती, आणि ती बांधायला पोर्तुगीज कारागीर लावले होते. त्यांचा प्रमुख रुय लैताव व्हिएगस. हे आरमार आपल्यावरच चालून येईल हे वसईच्या पोर्तुगीजांच्या लक्षात आले आणि त्यांनी हे कारागीर फोडून परत नेले. काम थांबले नाही, आपल्या माणसांनी ते शिकून घेतले होते.

पुढे त्या आरमाराच्या मोठ्या अधिकाऱ्यांत दौलतखान होता. आणि ज्याच्याशी हे आरमार वर्षानुवर्षे लढले, तो जंजिऱ्याचा सिद्दीही मुसलमानच. आपल्या प्रकल्पातल्या आठ ओळींत या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहाव्यात, असे मी भाचीला सुचवले. एकच लिहिली की इतिहास कुणाच्या तरी कामाचा होतो, खरा राहत नाही.

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट तिला शाळेतून माहीत होतीच. समकालीन कागदांत त्या प्रसंगाला आधार मिळत नाही, असे इतिहासकार सांगतात. पण ती गोष्ट मराठी माणसाने एवढी जपली, याचा अर्थ आपला राजा कसा असावा याची त्याची कल्पना काय होती, ते त्यातून दिसते. शत्रूच्या घरची बाईही सन्मानाने परत जावी, ही ती कल्पना. ती मला प्रिय आहे, आणि कल्याणच्या मुसलमान मुलीलाही ती प्रिय असायला हरकत नाही.

टेकडीवर दुर्गादेवीचे मंदिर आहे आणि ईदच्या नमाजाची जागाही आहे. नवरात्रात इथे मोठी गर्दी लोटते. बकरी ईदच्या सकाळी नमाजाच्या वेळी दर्शन बंद ठेवले जाते, त्याविरुद्ध खाली घंटानाद होतो आणि मधे पोलीस उभे असतात. जागेच्या मालकीबद्दल १९७६ मध्ये दाखल झालेला मुसलमान पक्षाचा दावा डिसेंबर २०२४ मध्ये कल्याणच्या दिवाणी न्यायालयाने फेटाळला. माझ्या समाजातल्या काहींना हे लिहिलेले आवडणार नाही, पण न्यायालयात गेलो की निकाल ऐकावा लागतो, पटला नाही तर वरच्या न्यायालयात जावे लागते. रस्त्यावर त्याचा निकाल लागत नाही, हे दोन्ही बाजूंना लागू आहे.

भाची म्हणाली, “मामू, मी इथे फक्त ईदला आले होते, अब्बांबरोबर. खाडी बघितलीच नव्हती.” मला वाटते आपल्या सगळ्यांचेच असे झाले आहे. भांडणाच्या दिवशी टेकडीवर जातो, म्हणून टेकडीवरून जे दिसते ते बघायचे राहून जाते.

काळा तलाव आणि मातबरखान

तिथून रिक्षाने काळ्या तलावावर आलो. जुने नाव शेणाळे तलाव. संध्याकाळी इथे चालायला येणाऱ्यांची रीघ असते, भेळवाले असतात, मुले असतात. काठाजवळ घडीव काळ्या दगडाची मशीद आहे, तिला काळी मशीदच म्हणतात. आणि मातबरखानाची कबर आहे. चालायला येणाऱ्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल?

मातबरखान हा औरंगजेबाच्या काळातला इथला मोगल अधिकारी. संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर उत्तर कोकणातले अनेक किल्ले मराठ्यांकडून त्याने घेतले. म्हणजे आज ज्यांना आपण आपले मानतो, त्यांच्याशी तो लढला. तो होता नवायत. मुल्ला अहमदही नवायतच. नवायत म्हणजे फार पूर्वी अरबस्तानातून समुद्रमार्गे येऊन कोकण-कानड्याच्या किनाऱ्यावर राहिलेले, इथल्या बायकांशी संसार केलेले, इथली भाषा बोलणारे व्यापारी लोक. दिल्लीच्या फौजांबरोबर ते आलेले नाहीत. आमच्या कोकणी मुसलमानांचीही कहाणी अशीच आहे. काही पूर्वज गलबतातून उतरले, बाकीचे इथल्याच मातीतले. घरी आम्ही जी बोली बोलतो, ती रायगड-रत्नागिरीच्या शेजाऱ्याला दुभाष्याशिवाय समजते.

मग भाचीच्या प्रश्नाचे उत्तर काय? मी तिला म्हटले, “आपल्यातले काही बाहेरून आले. हजार-बाराशे वर्षांपूर्वी, सामान घेऊन. लपवायचे कशाला?”

कल्याणला पूर्वी तटबंदी होती. सतराव्या शतकाच्या शेवटी ती पुरी झाली, तिला चार दरवाजे होते. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मुंबईहून जुन्नरला जाताना कल्याणात थांबला होता. लढायांत मोडलेल्या मोठमोठ्या इमारती आणि मशिदी पाहून त्याला गावाच्या जुन्या वैभवाची कल्पना आली. १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले, आणि नंतर तटाचे दगड काढून कल्याण आणि ठाण्याचे धक्के बांधायला वापरले. मोगलांच्या काळात रचलेला, पेशवाईत राखलेला आणि इंग्रजांनी उचललेला तो दगड आज कुठल्या पाण्याखाली असेल, आणि तो कोणत्या धर्माचा म्हणायचा?

त्याच दिवशी भाचीला आणखी एक नाव सांगितले. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी. समुद्र ओलांडणे पाप मानले जाई तेव्हा, १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. बंदराने माणसे आत घेतली तशी बाहेरही पाठवली. तिथेही त्यांना कुणीतरी ‘बाहेरची’ म्हटलेच असेल, पण शिकवले.

ठाणे

दुसऱ्या रविवारी लोकलने ठाण्याला गेलो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी आली. १ मे १८५४ ला ती कल्याणला पोचली. त्यानंतर दहा-बारा वर्षांत बोरघाट आणि थळघाट दोन्ही रेल्वेने चढले. देशावरचा जो माल खाडीत उतरायचा, तो डब्यात बसून थेट मुंबईला जाऊ लागला. खाडीत गाळ साचतच होता. बंदर कुणी जिंकून घेतले नाही, रेल्वेने त्याचे काम काढून घेतले. त्याच रेल्वेने कल्याणला जंक्शन केले आणि पुन्हा सगळ्या देशातली माणसे इथे आणली. डोंबिवलीत आज जे स्वतःला मूळचे म्हणतात, त्यांतल्या निम्म्यांचे आजोबा सातारा, रत्नागिरी किंवा खानदेशातून ट्रंक घेऊन याच फलाटावर उतरले असतील.

ठाण्यात आम्ही मासुंदा तलाव आणि कोपिनेश्वराचे मंदिर पाहिले. १८७९ चे ज्यूंचे प्रार्थनास्थळ बाहेरून पाहिले. बेने इस्राएल मंडळीही समुद्रातूनच आली, कोकणात तेल गाळू लागली आणि शनिवारी सुट्टी पाळतात म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. किल्ला बघता आला नाही, कारण तिथे आता मध्यवर्ती कारागृह आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी.

तलावपाळीवर बसून मी भाचीला ठाण्याच्या तीन गोष्टी सांगितल्या. दोन आपल्याला आवडतील अशा, एक न आवडणारी.

पहिली ६३६ ची. बलाजुरी हा नवव्या शतकातला अरब इतिहासकार लिहितो की, हजरत उमर खलिफा असताना ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार पाठवले. परवानगी न घेता. माणसे सुखरूप परतली, तरी खलिफांनी सुभेदाराला कडक शब्दांत खडसावले, की त्यांचे काही झाले असते तर तेवढीच माणसे तुझ्या टोळीतून मी वसूल केली असती. अरबांची ठाण्याशी पहिली गाठ अशी पडली.

दुसरी गोष्ट ९२६ ची. डहाणूजवळ चिंचणीला एक ताम्रपट सापडला आहे. त्यात राष्ट्रकूट राजाने संजाणच्या प्रदेशावर नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव आहे ‘मधुमती’, जात ‘ताजिक’, म्हणजे अरब. मुहम्मदचे संस्कृत मधुमती झाले! या माणसाने नदीच्या दोन प्रवाहांवर फुकट नावांची सोय केली, अन्नछत्र घातले, आणि भगवतीच्या मठाला जमीन दिली. हिंदू राजाचा मुसलमान अधिकारी देवीच्या मठाला जमीन देतो आणि ते दान संस्कृतात तांब्यावर कोरले जाते. त्याच्या दहा वर्षे आधी, ९१६ मध्ये मसूदी हा प्रवासी चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, आणि त्यांचे आपसांतले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, असे त्याने लिहिले.

तिसरी गोष्ट १३२१ ची. ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक आले होते. काझीपुढे धर्मावरून वाद झाला, आणि त्यांना ठार मारण्यात आले. मारणारे मुसलमान होते. नंतर आलेला ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे पण लिहू?”

मी म्हटले, “तू ठरव.”

मलंगगड

शेवटी तिच्या वर्गमित्राने तिला ‘दिलेले’ ठिकाण. कल्याणपासून सुमारे १५ किलोमीटरवरचा मलंगगड. पायऱ्या चढता चढता माझे गुडघे बोलू लागले, ती पुढे.

बाबा मलंगांच्या या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान् पिढ्या कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे आहे. इंग्रज इथून हटल्यावर, पेशव्यांच्या वतीने काशीनाथपंत केतकरांनी कबरीवर जरीची चादर चढवली आणि दर्ग्याची डागडुजी केली. पुढे १८१७ मध्ये कल्याणच्या मुसलमानांनी हरकत घेतली, की दर्ग्याचा कारभार ब्राह्मणाकडे का? कलेक्टरने सुचवले, चिठ्ठ्या टाका, बाबांनाच ठरवू द्या. चिठ्ठी तीन वेळा टाकली. तिन्ही वेळा केतकरांच्या प्रतिनिधीचे नाव निघाले. वाद नंतरही झाले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५४ च्या निकालात न्यायालयाने हे हिंदू-मुसलमान दोघांचे मिश्र स्थान असल्याचे म्हटले. आजही इथे कुणी मच्छिंद्रनाथांची समाधी म्हणून येतो, कुणी दर्गा म्हणून. त्यावरून घोषणाही होतात. पण आम्ही गेलो त्या दिवशी पायऱ्यांवर घाम पुसत बसलेल्या माणसांत कोण कोणता, ते ओळखू येत नव्हते.

प्रकल्प पूर्ण झाला. भाचीने अंबरनाथचे शिवमंदिरही घातले. शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा शिलालेख असलेले ते देऊळ तिने शेजारच्या मैत्रिणीबरोबर जाऊन पाहिले. १३२१ ची गोष्ट ठाण्याच्या पानावर आहे. मी विचारले, काढायची नाहीस? ती म्हणाली, “मी नाही लिहिली तर ते म्हणतील, लपवली. आणि मधुमतीचं मग खरं कोण मानेल?”

दुर्गाडीचे पान शेवटी तिने आणि त्या मुलाने मिळून केले. फोटो त्याचा, मजकूर हिचा. त्यात खाडीच्या वळणाचा फोटो मोठा आहे. तोही वर नवरात्रातच गेला होता, खाडी त्यानेही पहिल्यांदाच पाहिली.

वाचकहो, कल्याण-ठाण्याच्या या जागा बघायला तिकीट लागत नाही, फार तर एक रविवार लागतो. मातबरखानाची कबर, काळी मशीद, जुन्या तटाच्या खुणा, दुर्गाडीचा धक्का, यांच्यापाशी दोन-चार ओळींचे मराठी फलक लागले, तर महापालिकेला फारसा खर्च येणार नाही. तोवर आपल्या घरातल्या मुलांना आपणच घेऊन जावे. भरती बघून जा, पाणी चढताना पुलावर उभे राहा. बंदर कसे असेल ते तेव्हा समजते.